एक खेळ, दोन घरें

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून न्यूझीलंडला जावयाचें तर मध्यें टास्मान समुद्र लागतो. विमानानें हें अंतर तीन तासांचें. पण या तीन तासांत मनुष्य एका स्वभावांतून दुसऱ्या स्वभावांत जातो, असें आम्हांस आमच्या प्रवासांत सारखें वाटत होतें. दोन्ही देशांची भाषा एक, कायदा एकाच मुशींतला, चहाची वेळ सुद्धां एकच. १९०१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सहा वसाहती एकत्र येऊन त्यांचें एक राष्ट्र झालें, तेव्हां सातवा भाऊ म्हणून न्यूझीलंडलाहि बोलावणें होतें. तो आला नाहीं. तरी ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेंत 'राज्यें' या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत न्यूझीलंडचें नांव आजतागायत तसेंच आहे. जेवावयास न आलेल्या भावाचें पान मांडून ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार.

अशा दोन घरांचे स्वभाव पारखावयाचे तर दिवाणखान्यांत बसून चालत नाहीं. त्यांचीं भांडणें पाहावीं लागतात. आणि या दोन्ही देशांचीं खरीं भांडणें पाहावयाचीं तर रग्बीच्या मैदानावर गेलें पाहिजे. आम्ही हे देश त्यांच्या हिंवाळ्यांत पाहिले. आपल्याकडे आषाढ-श्रावणाची झड लागलेली असते, तेव्हां तिकडे थंडी पडते आणि रग्बीचा हंगाम भरांत येतो.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ असतात. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो हातांत घेऊन धांवावयाचें आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवावयाचा. यालाच 'ट्राय' म्हणतात. चेंडू हातानें पुढें फेंकतां येत नाहीं. मागें किंवा बाजूच्या गड्याला द्यावा लागतो. पायानें मात्र पुढें मारतां येतो. ज्याच्या हातांत चेंडू असेल त्याला मिठी मारून पाडण्याची मुभा आहे. हुतूतूंतील पकड आणि तालमींतील रेटारेटी ज्यानें पाहिली आहे, त्याला या खेळाचें मर्म कळण्यास वेळ लागणार नाहीं. संघांतील पुढचे आठ धिप्पाड गडी माना खालीं घालून दुसऱ्या आठांशीं झुंजतात. त्या झुंजीला 'स्क्रम' म्हणतात. पाठचे सात चपळ गडी चेंडू घेऊन पळतात. आपल्या देशाचाहि या खेळाशीं एक नाजूक धागा आहे. इंग्लंड व स्कॉटलंड ज्या चषकासाठीं झुंजतात, तो कलकत्त्याच्या एका मोडलेल्या रग्बी क्लबानें १८७८ सालीं आपल्या शिलकेंतले चांदीचे रुपये वितळवून करविला. त्याच्या मुठी नागाच्या असून झांकणावर हत्ती आहे.

न्यूझीलंडमध्यें हा खेळ १८७० सालीं आला. इंग्लंडमध्यें शिकून परतलेल्या चार्ल्स मन्रो नांवाच्या तरुणानें तो आपल्या नेल्सन गांवीं रुजविला, आणि एका पिढीच्या आंत तो साऱ्या देशाचा झाला. याचें कारण त्या भूमीच्या रचनेंत आहे. डोंगरांनीं आणि नद्यांनीं तुटलेले प्रांत. प्रत्येकाचें आपलें बंदर, आपलें वर्तमानपत्र आणि आपला ताठा. साऱ्या देशाला गिळून टाकील असें एकहि शहर त्या काळीं नव्हतें. गवळी, धनगर, कारकून, शाळामास्तर व डॉक्टर एकाच संघांत उतरत. माओरी लोकांनीं, म्हणजे त्या भूमीच्या मूळच्या धन्यांनीं, हा खेळ गोऱ्यांच्या इतक्याच हौसेनें उचलला. १८८८-८९ मध्यें बहुतांशीं माओरी खेळाडूंचा एक संघ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व स्वदेश मिळून १०७ सामने खेळला. राष्ट्रीय संघाची कीर्ति त्यानंतरची आहे.

शनिवारीं सकाळीं आम्ही एका लहानशा गांवच्या मैदानावर उभे होतों. गवतावर दंव गोठलेलें, आणि त्यावर सात-आठ वर्षांचीं मुलें अनवाणी पळत होतीं. त्यांच्या आया व आज्या कांठाला उभ्या राहून ओरडत होत्या. कोणी मुलाला रडूं नकोस म्हणून सांगत होती, तर कोणी त्याचा पास चुकला म्हणून त्याची चांगलीच हजेरी घेत होती. मैदानाच्या कडेला मांस भाजण्याची लगबग चालली होती. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनीं तळलेल्या बटाट्यांवर आणि चहावर समाधान मानलें. दुपारीं मोठ्यांचा सामना झाला. खाटीक कोणता, शाळेचा हेडमास्तर कोणता, हें शेजारचा म्हातारा आम्हांस बोटानें दाखवीत होता. चिखलानें माखल्यावर तो भेद आमच्या डोळ्यांना दिसेना.

या प्रांताप्रांतांतील चुरशीचें दैवत म्हणजे लांकडाची एक ढाल. १९०१ सालीं गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांनीं ती देऊं केली. ढाल तयार होऊन आली, तेव्हां तिच्यावर कोरलेलें चित्र सॉकरचें निघालें! तें दुरुस्त करून १९०२ सालीं ती ऑकलंडला देण्यांत आली, आणि १९०४ सालीं पहिल्याच आव्हानांत वेलिंग्टननें ती हिसकावून नेली. लोक तिला प्रेमानें 'लांकडाचा ओंडका' म्हणतात. तिचा नियम आपल्याकडील दंगलीची आठवण करून देणारा आहे. ज्याच्या घरीं ढाल असेल त्याच्या मैदानावर जाऊन त्याला हरवावयाचें. हरविलें तर ढाल त्याच दिवशीं आपल्या गांवीं न्यावयाची. बरोबरी झाली तर ती जेथें आहे तेथेंच राहते. लहान प्रांतालाहि आव्हानाची संधि मिळते, आणि म्हणूनच १९७३ सालीं मार्लबरोसारख्या छोट्या प्रांतानें बलाढ्य कॅंटरबरीकडून ती जिंकून नेली. दक्षिण टोंकाच्या साउथलंडनें २००९ सालीं तिला पन्नास वर्षांनीं घरीं नेलें. ढाल गांवांत आली कीं तिची मिरवणूक निघते आणि शाळाशाळांतून ती मुलांना दाखविली जाते.

ढालीच्या या नियमानें खेळाची रीतहि घडविली, असें आमचें मत झालें. ज्याच्या हातीं ढाल आहे त्याला जिंकावें लागत नाहीं. न हरलें तरी पुरतें. अशा वेळीं शहाणा मनुष्य जुगार खेळत नाहीं. त्यांत हिंवाळी पावसानें मैदानाचें शेत झालेलें. मग चेंडू हातोहात नाचविण्यापेक्षां आठ गड्यांनीं एकजीव होऊन तो रेटीत पुढें न्यावा, हेंच बरें. ओटॅगो प्रांतानें या रेट्याचें शास्त्र बनविलें. गडी पडला कीं त्याच्यावर न घुटमळतां सर्व पुढच्यांनीं वांकून, एकमेकांस धरून, चेंडूवरून तुडवीत पुढें जावयाचें, म्हणजे चेंडू मागच्या बाजूस आपोआप मोकळा होतो. याला 'रक' म्हणतात. व्हिक कॅव्हनाच्या शिकवणुकीखालीं ओटॅगोनें या बळावर १९४७ सालीं ढाल जिंकली ती १९५० पर्यंत सोडली नाहीं. आणि पुढें हीच रीत साऱ्या राष्ट्राची झाली.

उत्तरेकडील ऑकलंडचा घाट निराळा. दुसऱ्या महायुद्धानंतर सामोआ, टोंगा इत्यादि बेटांवरून हजारों कुटुंबें तेथील कारखान्यांत कामाला आलीं. त्यांचीं मुलें अंगानें भक्कम आणि पायानें हरणासारखीं. दक्षिणेच्या कॅंटरबरीचा भर शिस्तीवर व पुढच्या आठांवर, तर ऑकलंडचा भर पंधरा जणांच्या धांवण्यावर. या दोन रीतींचा अविस्मरणीय सामना १४ सप्टेंबर १९८५ रोजीं ख्राइस्टचर्चच्या लॅंकेस्टर पार्कवर झाला. कॅंटरबरीनें ढाल २५ वेळां राखली होती. आणखी एकदां राखली असती तर ऑकलंडचा जुना उच्चांक मोडला असता. पन्नास हजारांवर माणसें जमलीं. मध्यंतरापर्यंत ऑकलंडचे २४ गुण झाले होते आणि कॅंटरबरीच्या नांवावर शून्य. दुसऱ्या अर्धांत यजमान असे उठले कीं गुण २८-२३ वर येऊन ठेपले. सामना संपला तेव्हां कॅंटरबरीचे गडी ऑकलंडच्या रेषेशीं होते. ऑकलंडनें ढाल नेली आणि ती १९९३ पर्यंत ६१ वेळां राखली. लॅंकेस्टर पार्क २०११ च्या भूकंपांत मोडलें आणि पुढें पाडावें लागलें. पण ख्राइस्टचर्चमध्यें आम्ही ज्या ज्या वृद्धांशीं बोललों, त्यांना तो दुसरा अर्ध मिनिटामिनिटानें पाठ होता. हरलेल्या सामन्याचें इतकें प्रेमानें वर्णन करणारीं माणसें आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिलीं आहेत.

आतां समुद्र ओलांडून सिडनीस येऊं. तेथें पहिल्याच शनिवारीं आम्ही आगगाडींत बसलों आणि डब्यांत चार प्रकारचे सदरे दिसले. एक मंडळी तेरा गड्यांच्या रग्बी लीगला चाललेली, दुसरी पंधरा गड्यांच्या रग्बी युनियनला, तिसरी सॉकरला, आणि चौथी मेलबर्नमध्यें जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला. न्यूझीलंडांत हिंवाळा म्हणजे एकच चूल. येथें एका घरांत चार चुली. मेलबर्न, ॲडलेड व पर्थ या शहरांत तर रग्बी पाहुण्यासारखी राहते. तिचें खरें घर न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोनच राज्यांत, आणि तेथेंहि घराच्या वाटण्या झालेल्या.

ती वाटणी कशी झाली हें सांगण्यासारखें आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत खाणींत व गिरण्यांत राबणारे खेळाडू शनिवारची मजुरी बुडवून खेळत. ती भरून मिळावी एवढेंच त्यांचें मागणें होतें. हौशी खेळाला पैशाचा विटाळ नको, असें म्हणून वरिष्ठांनीं तें नाकारलें; आणि १८९५ सालीं उत्तरेचे क्लब फुटून निघाले. त्यांतून पुढें तेरा गड्यांची लीग जन्मली. १९०७ सालीं तीच ठिणगी सिडनींत पडली. ॲलेक बर्डन नांवाचा खेळाडू सामन्यांत जायबंदी झाला, कामावर जातां येईना, आणि संघटनेनें भरपाई दिली नाहीं. व्हिक्टर ट्रंपर या विख्यात क्रिकेटपटूच्या खेळसाहित्याच्या दुकानांत असंतुष्टांच्या बैठकी भरूं लागल्या; ऑगस्टमध्यें नवी संस्था निघाली. गंमत अशी कीं या बंडाला पहिला हात दिला तो न्यूझीलंडच्याच एका संघानें. टपाल खात्यांतील आल्बर्ट बास्करव्हिल या तरुण कारकुनानें पैसे घेऊन खेळणारा संघ बांधला होता. तो इंग्लंडला जातांना सिडनींत खेळला. बास्करव्हिल १९०८ सालीं परतीच्या वाटेवर ब्रिस्बेनमध्यें न्यूमोनियानें वारला, अवघा २५ वर्षांचा असतांना. बंडाचें बीं नेलें न्यूझीलंडच्या मुलानें, पण झाड मोठें झालें सिडनींत! पहिल्या महायुद्धांत युनियनवाल्यांनीं आपले सामने थांबविले आणि खेळाडू रणांगणावर गेले. लीगचे सामने चालू राहिले. प्रेक्षक एकदां तिकडे वळला तो वळलाच. क्वीन्सलंडांत तर युनियनची संस्था जवळजवळ दहा वर्षें निद्रिस्त होती.

घर असें विभागल्यावर धाकट्या वांट्याच्या युनियनला दोन गोष्टी कराव्या लागल्या. पहिली, गिऱ्हाईक टिकविणें. शेजारच्या मैदानावर लीगचा खेळ भरधांव चाललेला. तेव्हां आपल्याकडे चेंडू वारंवार मैदानाबाहेर टोलवून वेळ काढला तर लोक येतील कशाला? म्हणून दोन महायुद्धांच्या दरम्यान ऑस्ट्रेलियनांनीं स्वतःपुरती एक सूट मिळविली. आपल्या रेषेपासून पंचवीस यार्डांच्या पुढें असलेल्या गड्यानें चेंडू टप्पा न पडतां सरळ बाहेर मारला, तर त्याला कांहींच लाभ मिळूं नये. मग हातानें खेळणें आणि धांवणें भागच पडलें. १९६८ सालीं हाच नियम साऱ्या जगानें प्रयोग म्हणून घेतला आणि पुढें तो कायम झाला. घरच्या स्पर्धेनें शिकविलेली युक्ति अशी जगाच्या उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट म्हणजे थोड्या माणसांत निभाव लावणें. युनियन मुख्यतः सिडनी-ब्रिस्बेनच्या प्रतिष्ठित शाळांपुरती उरली. आठ-आठ दांडगे गडी प्रांतोप्रांतीं पिकविणें तिला परवडेना. म्हणून तिनें डोक्यावर भर दिला. सिडनीच्या रॅंडविक क्लबाची अशी रीत होती कीं पाठचे गडी प्रतिपक्षाच्या अगदीं नाकासमोर, एका सपाट ओळींत उभे राहत. चेंडू एकाच्या हातीं क्षणभरहि थांबत नसे. कोणाला धरावें हें ठरेपर्यंत तो तिसऱ्याच्या हातीं गेलेला असे. या कलेचा मुकुटमणि मार्क एला. समुद्रकांठच्या ला पेरूज वस्तींतला हा मूळ रहिवाशांचा मुलगा. ग्लेन व गॅरी हे त्याचे भाऊहि तसेच. हे तिघे सरकारी शाळेंत शिकलेले, प्रतिष्ठित शाळांत नव्हे. १९८४ सालीं ऑस्ट्रेलियाचा संघ ब्रिटनमध्यें गेला, तेव्हां इंग्लंड, आयर्लंड, वेल्स व स्कॉटलंड या चौघांनाहि त्यानें हरविलें, आणि चारहि सामन्यांत एलानें एकेक ट्राय केला. मग पंचविसाव्या वर्षीं तो खेळांतून निवृत्त झाला. न्यूझीलंडच्या खेळांत पुराचा लोंढा दिसतो. एलाच्या खेळांत पाण्यावरून उडत जाणाऱ्या चकतीची मजा होती.

परंतु ऑस्ट्रेलियाची सर्वांत कडवी घरगुती चुरस लीगमध्यें आहे, आणि तिच्या मुळाशीं अन्यायाची जाणीव आहे. न्यू साउथ वेल्सच्या क्लबांना १९५६ पासून जुगाराचीं यंत्रें ठेवण्याची कायदेशीर परवानगी मिळाली. क्वीन्सलंडच्या क्लबांना ती नव्हती. पैसा सिडनीकडे वाहिला आणि त्यामागोमाग क्वीन्सलंडचे उत्तम खेळाडू गेले. नियम असा कीं जो जेथें राहतो त्यानें त्या राज्याकडून खेळावें. परिणामीं क्वीन्सलंडनें वाढविलेलीं मुलें न्यू साउथ वेल्सचा सदरा घालून येत आणि आपल्याच गांवाला धूळ चारीत. शेवटीं ८ जुलै १९८० रोजीं ब्रिस्बेनच्या लॅंग पार्कवर 'मूळ राज्य' या तत्त्वावर पहिला सामना झाला. राहतोस कोठें हें विचारावयाचें नाहीं; वाढलास कोठें तें सांग. हें लॅंग पार्क जुन्या स्मशानभूमीच्या जागेवर आहे. क्वीन्सलंडचा नायक आर्थर बीटसन पस्तीस वर्षांचा, सिडनींत जन्म काढलेला आणि मूळ रहिवाशांच्या वंशाचा होता. घरच्या राज्याकडून तो प्रथमच या सामन्यांत उतरला. आपल्या सिडनीच्या क्लबांतील सोबत्यांशीं त्या रात्रीं त्यानें कसलीहि भीड ठेविली नाहीं. क्वीन्सलंड २०-१० असें जिंकलें. तेव्हांपासून हे सामने साऱ्या देशाचें आकर्षण झाले. आणि २००६ ते २०१३ या आठ वर्षांत लागोपाठ आठ मालिका क्वीन्सलंडनेंच जिंकल्या.

न्यूझीलंडमध्यें हाच प्रश्न १९२७ सालीं उभा राहिला होता. वायरारापा व हॉक्स बे या शेजारी प्रांतांचा ढालीचा सामना इतका हातघाईवर आला कीं दोन्ही बाजूंचा एकेक गडी मैदानाबाहेर काढावा लागला, आणि ते दोघे राष्ट्रीय संघांत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले! सामना हॉक्स बेनें जिंकला. पण त्यांचा एक खेळाडू प्रांतांत पुरेसे दिवस राहिलेला नव्हता, असें ठरून ढाल वायरारापाकडेच राहिली. आम्हांस येथें दोन घरांच्या स्वभावांतील फरक स्पष्ट दिसला. न्यूझीलंडनें विचारलें, 'आज तूं कोणाच्या घरीं राहतोस?' क्वीन्सलंडनें विचारलें, 'तुला वाढविलें कोणी?' एकांत सासरचा मान, दुसऱ्यांत माहेरचा. कोणता प्रश्न बरोबर हें आम्ही सांगणार नाहीं. वाचकांच्या घरांत दोन्ही बाजूंच्या वकील असतीलच.

घरीं असे भांडलेले हे दोन शेजारी एकमेकांसमोर येतात, तेव्हां ब्लेडिस्लो नांवाचा भला मोठा चषक मध्यें असतो. लोकसंख्या पाहिली तर ऑस्ट्रेलिया पांचपट. तरी २००३ सालीं न्यूझीलंडनें घेतलेला चषक २०२५ च्या सामन्यांनंतरहि तेथेंच आहे. लहान घरानें मोठ्या घरावर अशी मात करावी याचें कारण आमच्या मतें वर आलें आहे. एका घराचा प्रत्येक मुलगा एकाच तालमींत जातो. दुसऱ्याच्या मुलांना चार वाटा आहेत. परंतु ऑस्ट्रेलियनांना केवळ हरणारे समजणें चुकीचें होईल. १९९१ व १९९९ चे विश्वचषक त्यांनीं जिंकले. न्यूझीलंडनें १९८७, २०११ व २०१५ चे. १९९१ मध्यें उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियानें न्यूझीलंडला १६-६ असें हरविलें, तेव्हां मायकेल जोन्स हा त्यांचा अद्वितीय गडी संघांत नव्हता. तो दिवस रविवार होता, आणि आपल्या धर्मनिष्ठेमुळें रविवारीं तो खेळत नसे. एवढ्या मोठ्या सामन्यासाठीं देखील त्यानें आपलें व्रत मोडलें नाहीं.

आतां या कथेचें काळें पान. दक्षिण आफ्रिकेंत वर्णद्वेषाचें राज्य होतें, आणि तेथें जावयाचें तर माओरी खेळाडूंना घरीं ठेवून जावें, ही अट न्यूझीलंडच्या संघटनेनें मुकाट्यानें पाळली. १९२८ सालीं जॉर्ज नेपियासारख्या असामान्य खेळाडूला सोडून संघ गेला. १९४९ सालीं तेंच झालें. त्या वर्षीं ३ सप्टेंबरला राष्ट्रीय संघ डर्बनमध्यें दक्षिण आफ्रिकेकडून हरला, आणि त्याच दिवशीं वेलिंग्टनमध्यें मागें राहिलेला दुसरा संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला. जॉनी स्मिथसारखे माओरी खेळाडू त्या मागें राहिलेल्यांत होते. ज्या घरानें आपलीच माणसें पंगतींतून उठविलीं, त्या घराला एका दिवसांत दोन पराभव पाहावे लागले. १९६० सालीं पुन्हां तसाच संघ निघाला, तेव्हां दीड लाखांवर नागरिकांनीं अर्जावर सह्या करून सांगितलें कीं माओरी नाहींत तर दौराहि नको. दौरा झालाच, पण पुढें तशा अटीवर एकहि संघ गेला नाहीं.

१९८१ सालीं दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला, तेव्हां तर देश दुभंगला. २५ जुलैला हॅमिल्टन येथें निदर्शक कुंपण तोडून मैदानांत घुसले आणि सामना रद्द करावा लागला. शेवटच्या सामन्यांत ऑकलंडच्या ईडन पार्कवर लहान विमानांतून पिठाच्या पुड्यांचा वर्षाव झाला. राष्ट्रीय संघाचा नायक ग्रॅहम मूरी यानें या सामन्यांत खेळण्याचें नाकारलें होतें. बाप प्रेक्षकांत बसलेला आणि मुलगी बाहेर पोलिसांच्या काठ्यांसमोर उभी, अशा घरांच्या कहाण्या तिकडे आजहि ऐकूं येतात. ऑस्ट्रेलियानें हा भोग दहा वर्षें आधीं भोगला. १९७१ सालीं दक्षिण आफ्रिकेचा संघ आला, तेव्हां सात ऑस्ट्रेलियन खेळाडूंनीं खेळण्यास नकार दिला, मैदानांना कांटेरी तारा लावाव्या लागल्या आणि क्वीन्सलंडच्या सरकारनें आणीबाणी पुकारली. त्यानंतर त्याच वर्षीं डॉन ब्रॅडमन अध्यक्ष असलेल्या क्रिकेट मंडळानें दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचें आमंत्रण मागें घेतलें. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेनें माओरी खेळाडूंची जाहीर क्षमा मागितली ती २०१० सालीं. तोंपर्यंत त्यांतील कित्येक जण या जगांत राहिले नव्हते.

चुरशीविषयीं आपल्याकडे दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात चुरस म्हणजे भाऊबंदकी, ती नको. कोणी म्हणतात चुरशीवांचून पुरुषार्थ नाहीं. या दोन देशांत हिंडून आल्यावर आम्हांस वाटूं लागलें कीं प्रश्न चुरस असावी कीं नसावी हा नव्हे. ढाल मार्लबरोलाहि मिळूं शकते, हें जोंवर खरें आहे तोंवर भांडण सर्वांनाच वाढविते. मजूर म्हणून ज्याची भरपाई नाकारली, माहेर म्हणून ज्याचें राज्य विसरलें, माओरी म्हणून ज्याला बोटींत चढूं दिलें नाहीं, त्या प्रत्येक ठिकाणीं मात्र घर फुटलें किंवा जखमी झालें. घरें भांडणानें मोडत नाहींत, पंक्तिप्रपंचानें मोडतात.

पंक्ति वाढविली म्हणजे काय होतें तेंहि पाहण्यासारखें आहे. ज्या ईडन पार्कवर १९८१ सालीं पीठ उधळलें गेलें, तेथेंच १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं न्यूझीलंडच्या स्त्रियांनीं इंग्लंडला ३४-३१ असें हरवून विश्वचषक जिंकला. चाळीस हजारांवर प्रेक्षक तो सामना पाहत होते. ज्या आज्यांनीं जन्मभर मैदानाच्या कांठाला उभें राहून नातवांना ओरडून धीर दिला, त्यांच्या नाती आतां मैदानांत आहेत.